तांब्याच्या पेनीचा हिशेब

२०२३ साली लॉस एंजलिसमध्ये एका कुटुंबानं वारलेल्या वडीलधाऱ्यांचं जुनं घर आवरायला घेतलं. घराखालच्या बुटक्या पोकळीत, जिथं माणसाला रांगतच शिरावं लागतं, तिथं आधी नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या हाती लागल्या. आणखी आत गेल्यावर पोती दिसली. काही पोत्यांवर ज्यांची नावं छापलेली होती, त्या बँका केव्हाच नामशेष झाल्या होत्या. सगळ्या पोत्यांत एकच नाणं होतं, अमेरिकेची एक सेंटची पेनी. जुनी, तांब्याची. अंदाज निघाला दहा लाखांचा.

दहा लाख पेनी म्हणजे दर्शनी किमतीनं दहा हजार डॉलर आणि वजनानं तीन टनांहून जास्त. बँकेत चौकशी केली तर तिजोरीत एवढी जागा नाही असं उत्तर आलं. शेवटी कुटुंबानं सगळा साठा इंटरनेटवर विक्रीला काढला आणि किंमत सांगितली पंचवीस हजार डॉलर. हा आकडा उगाच ठोकून दिलेला वाटत नाही. एका तांब्याच्या पेनीत सुमारे २.९५ ग्रॅम तांबं असतं, दहा लाखांत ते जवळजवळ तीन टन होतं आणि त्या वर्षाच्या मध्यावर तांब्याचा जागतिक भाव टनाला साडेआठ हजार डॉलरच्या आगेमागे होता. गुणाकार केला की उत्तर पंचवीस हजारांच्या जवळपासच येतं. म्हणजे त्यांनी मागितला होता तो सरळ मोडीचा भाव.

अडचण एवढीच, की ही मोड कायद्यानं मोडता येत नाही.

तरीही अमेरिकेत जुन्या तांब्याच्या पेनी सुट्ट्या पैशांतून वेचून डब्यांत, बरण्यांत, बादल्यांत भरून ठेवणारे लोक काही कमी नाहीत. त्यांत निवृत्त मंडळी आहेत, शाळकरी मुलं आहेत, सरकारी चलनावरचा विश्वास उडालेले आहेत आणि नुसतेच हौशीही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पेनीची टांकणीच थांबली, तेव्हा या साठेबाजांना वाटलं की आता आपले दिवस आले. खरंच आले का, हे बघायला थोडा इतिहास आणि बरंच अंकगणित लागतं.

पेनीची टांकणी सुरू झाली १७९३ मध्ये. तेव्हा ती शुद्ध तांब्याची आणि ऐसपैस आकाराची होती. १८५७ नंतर ती लहान झाली, १८६४ पासून काशाची झाली आणि १९०९ मध्ये, अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचा चेहरा तिच्यावर आला तो कायमचाच. १९६२ मध्ये मिश्रणातलं कथील काढून टाकलं आणि उरलं ९५ टक्के तांबं, ५ टक्के जस्त. वजन ३.११ ग्रॅम. साठवणारे लोक ‘तांब्याची पेनी’ म्हणतात ती मुख्यतः हीच.

१९८२ मध्ये टांकसाळीनं घाव घातला. तांबं परवडेना, म्हणून आतला गाभा जस्ताचा आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा अशी नवी पेनी आली. तिच्यात तांबं उरलं अवघं अडीच टक्के आणि वजन आलं अडीच ग्रॅमवर. दिसायला मात्र हुबेहूब जुनीच. बदल वर्षाच्या अधेमधे झाल्यामुळे १९८२ सालच्या पेनी दोन्ही धातूंत सापडतात आणि त्या वर्षाचं नाणं हाती आलं की साल वाचून भागत नाही, काटा काढावा लागतो. लोहचुंबक इथं कामाचा नाही, कारण त्याला तांबंही चिकटत नाही आणि जस्तही नाही. काटा नसेल तर कान वापरायचा. फरशीवर टाकलेली जुनी पेनी खणखणते, नवी बद्द वाजते. आपल्या आज्या बाजारात रुपया याच रीतीनं वाजवून घेत असत.

आता अंकगणित. सोयीसाठी तांब्याचा भाव किलोला दहा डॉलर धरू. २०२५ मध्ये बराच काळ तो याच्याच आसपास होता आणि वर्षअखेरीस बाराच्याही पुढे गेला. दहाच्या भावानं जुन्या पेनीतलं तांबं २.९५ सेंटचं होतं. एक सेंटच्या नाण्यात जवळजवळ तीन सेंटचा धातू! जस्ताच्या पेनीतला माल पाऊण सेंटच्या आसपास भरतो. तांबं किलोला ३.४० डॉलरच्या खाली गेलं, तर जुन्या पेनीचा धातूही सेंटाहून स्वस्त होतो. ही शक्यता काल्पनिक नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये जागतिक मंदीत तांबं टनाला तीन हजार डॉलरच्या खाली घसरलं होतं, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी ते आठ हजारांवर होतं. २०११ मध्ये दहा हजार, २०१६ च्या सुरुवातीला साडेचार हजार, असा त्याचा स्वभाव आहे. सोन्यासारखं ते भीतीच्या काळात वधारत नाही. घरं, तारा, मोटारी यांची मागणी आटली की तांबं आपटतं. साठवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मात्र ‘अर्थव्यवस्था कोसळली तर हाताशी असावं’ म्हणून तांबं जमवतात. त्यांच्या हिशेबातली ही पहिली गफलत.

दुसरी अडचण कायद्याची. २००६ मध्ये तांबं भडकलं आणि पेनीतला धातू दर्शनी किमतीच्या वर गेला. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकी टांकसाळीनं एक आणि पाच सेंटची नाणी वितळवण्यावर बंदी घातली आणि २००७ मध्ये ती कायम केली. शिक्षा दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. देशाबाहेर नेऊन वितळवायचं म्हटलं, तर प्रवासात खिशातली चिल्लर म्हणून पाच डॉलरची नाणी चालतात, त्याहून मोठ्या रकमेला अटी आहेत. न्यू जर्सीहून सुट्टीला पुण्यात येणाऱ्या मावशीनं भाच्यांसाठी मूठभर पेनी आणल्या तर कुणी हटकणार नाही, पण बॅगा भरून आणता येणार नाहीत. अंगठ्या, लॉकेट, गमतीखातर चपट्या केलेल्या पेनी यांना सूट आहे, कारण तिथं कुणी धातूच्या नफ्यामागे नसतं.

असं पूर्वीही एकदा झालं होतं. १९७४ मध्ये तांबं महागलं तेव्हा सरकारनं पेनी वितळवण्यावर बंदी आणली होती, ती १९७८ पर्यंत टिकली. त्याच धावपळीत टांकसाळीनं ॲल्युमिनियमच्या पेनीही पाडून पाहिल्या, पंधरा लाखांहून जास्त. नमुने संसद सदस्यांना दाखवायला दिले. पुढे बेत बारगळला, नाणी परत मागवून वितळवली, आणि सदस्यांकडे गेलेल्या नमुन्यांपैकी काही परत आलेच नाहीत. लोकप्रतिनिधींच्या खिशातून सुटे पैसे परत मिळवणं कुठल्याच देशात सोपं नसावं.

साठवणाऱ्यांची मोठी आशा आहे ती चांदीच्या इतिहासावर. १९६४ पर्यंतच्या अमेरिकी दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. १९६५ पासून ती काढली, आणि लोकांनी जुनी नाणी दडवायला सुरुवात केली. हलका पैसा भारी पैशाला बाजारातून हुसकून लावतो, हा ग्रेशमच्या नावानं ओळखला जाणारा नियम तिथं काही वर्षांतच खरा ठरला. सरकारनं १९६७ मध्ये चांदीची नाणी वितळवण्यावर बंदी घातली आणि १९६९ मध्ये ती उठवलीही. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोचली, तेव्हा ज्यांनी डबे भरून ठेवले होते त्यांची चंगळ झाली. तेव्हा चांदीचं झालं, उद्या तांब्याचं होईल, असा हा तर्क.

तर्क वरवर पटणारा आहे, पण चांदी आणि तांबं यांत दोन मोठे फरक आहेत. पहिला वजनाचा. चांदीचा छोटा डबा म्हणजे बरीच मोठी रक्कम. शंभर डॉलरच्या तांब्याच्या पेनी म्हणजे ३१ किलो, आणि त्यांतलं तांबं आपल्या दहाच्या भावानं २९५ डॉलरचं. अमेरिकी टपालखात्याच्या ठराविक दराच्या खोक्यात जास्तीत जास्त सत्तर पौंड, म्हणजे पावणेबत्तीस किलो वजन चालतं. शंभर डॉलरच्या पेनी त्यात जेमतेम बसतात, आणि खोकं उचलणाऱ्या टपालवाल्याच्या कमरेचं काय होतं ते तोच जाणे. हजार डॉलरचा साठा ३११ किलोचा. माडीवरच्या खोलीत तो ठेवण्याआधी खालच्यांना विचारलेलं बरं.

दुसरा फरक असा, की टांकणी थांबली म्हणून सरकार धातूवरचा हक्क सोडतंच असं नाही. याचं ताजं उदाहरण अमेरिकेच्या शेजारीच आहे. कॅनडानं मे २०१२ मध्ये विनिपेगमध्ये आपली शेवटची पेनी पाडली आणि फेब्रुवारी २०१३ पासून वाटप बंद केलं. कॅनडाच्या १९९६ पर्यंतच्या पेनी जवळजवळ पूर्ण तांब्याच्या. तिथंही कुणाकुणाला वाटलं होतं की आता वितळवायला मोकळीक मिळेल. झालं उलटंच. परवान्याशिवाय नाणं वितळवणं गुन्हाच राहिला, आणि बँकांकडे परत आलेल्या पेनी सरकारी टांकसाळीनं गोळा करून स्वतःच धातूसाठी मोडीत काढल्या. ऑस्ट्रेलियानं एक आणि दोन सेंटची तांब्याची नाणी १९९२ मध्ये चलनातून काढायला घेतली. त्यांतल्या काहींचं तांबं २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक विजेत्यांच्या गळ्यात गेलं.

बंदी उद्या उठलीच, तर काय होईल? तेव्हा एकट्यादुकट्याच्या बादल्या विकायला येणार नाहीत, एकदम सगळ्यांच्याच येतील. अमेरिकेत आजही सुमारे तीनशे अब्ज पेनी लोकांकडे असाव्यात असा सरकारी अंदाज आहे. मोडवाला घट धरूनच भाव देतो, हे भांड्यांची मोड घालून नवा टोप घेतलेल्या कुठल्याही मराठी गृहिणीला सांगावं लागत नाही. पेनीचं तांबं शुद्ध नसतं, त्यात पाच टक्के जस्त आहे, शिवाय वाहतूक आणि भट्टीचा खर्च. जाहीर भावाचा पूर्ण आकडा मोड घालणाऱ्याच्या हातात पडत नाही, इथंही पडणार नाही. आजसुद्धा लिलावाच्या वेबसाइटवर तांब्याच्या पेनी वजनावर विकल्या जातात आणि दर्शनी किमतीहून जास्तही मिळतात. पण धातूच्या पूर्ण किमतीला घेणारा भेटत नाही, कारण त्यालाही त्या वितळवता येत नाहीत. तोही उद्याच्याच भरवशावर विकत घेत असतो.

आता मेहनत पाहू. अमेरिकी बँकेत पेनीचं खोकं मिळायचं ते पंचवीस डॉलरचं, त्यात पन्नास नाण्यांच्या पन्नास गुंडाळ्या, एकूण २,५०० पेनी. समजा, पाचातली एक तांब्याची निघाली. ५०० पेनी, प्रत्येकी दोन सेंट कागदी नफा, म्हणजे खोक्यामागे दहा डॉलर. त्यासाठी अडीच हजार नाण्यांची सालं चष्मा लावून वाचायची, १९८२ ची वेगळी काढून तोलायची आणि उरलेल्या दोन हजार जस्ताच्या पेनी पुन्हा कुठंतरी खपवायच्या. नाणी मोजून देणारी यंत्रं दुकानांत असतात, पण त्यांतली काही दहा टक्क्यांहून जास्त कापून घेतात. हाताच्या वेगानं एका खोक्याला निम्मा दिवस सहज जातो. अमेरिकेतलं किमान केंद्रीय वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. कुणी पेनी निवडायला दुसऱ्याला रोजंदारीवर ठेवलं, तर धंदा पहिल्याच दिवशी बुडेल. तांबं आणि जस्त आपोआप वेगळं करणारी टेबलावरची यंत्रंही बाजारात आहेत, पण त्यांची किंमत वसूल व्हायला किती खोकी लागतील याचा हिशेब घेणाऱ्यानं आधी केलेला बरा.

आणि मेहनत फुकट धरली तरी? समजा, एखाद्यानं १९८२ मध्ये शंभर डॉलरच्या तांब्याच्या पेनी बाजूला ठेवल्या. दहाच्या भावानं आज त्यांतलं तांबं २९५ डॉलरचं, बाराच्या भावानं ३५४ चं. पण १९८२ ते २०२४ या काळात अमेरिकेतली महागाई सव्वातीन पट झाली. म्हणजे १९८२ च्या शंभर डॉलरची खरेदीची ताकद टिकवायलाच ३२५ डॉलर हवेत. चाळीस वर्षं तीस किलो धातू सांभाळून, तोही वितळवता येत नसताना, माणूस जागच्या जागी उभा राहिला एवढंच. त्याच १९८२ मध्ये दहा वर्षांचे सरकारी रोखे वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त व्याज देत होते. त्या दरानं शंभराचे २९५ व्हायला साडेअकरा वर्षं पुरली असती, आणि पोटमाळाही मोकळा राहिला असता.

हिशेब कुठून सुरू करायचा यावर उत्तर बदलतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००३ च्या सुमाराला तांबं किलोला दोन डॉलरच्या आतच होतं. तेव्हा ज्यानं पेनी साठवायला घेतल्या, त्यानं कागदावर महागाईला चांगलंच मागे टाकलं. त्याच वीस-एकवीस वर्षांत अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक नऊशेच्या आसपासून ५,८०० च्या वर गेला, लाभांश वेगळाच. पण पेनीत एक गोष्ट अशी आहे जी शेअरमध्ये नाही. तांबं कितीही कोसळलं तरी पेनीचा एक सेंट शाबूत राहतो. खाली जमीन पक्की, वर आभाळ मोकळं. साठवणाऱ्यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांचा हा एकच मुद्दा खरोखर वजनदार आहे. फक्त महागाई त्या पक्क्या जमिनीलाच हळूहळू खचवत असते.

लुइझियाना राज्यातल्या रस्टन गावचे एक गृहस्थ या बाबतीत आठवतात. त्यांनी पंचेचाळीस वर्षं पेनी जमवल्या. पाच-पाच गॅलनचे पंधरा प्लॅस्टिकचे बुधले भरले. २०१५ मध्ये बुधले फोडून सगळं बँकेत नेलं. यंत्रानं मोजायला काही तास घेतले आणि रक्कम निघाली ५,१३६ डॉलर १४ सेंट. पाच लाखांहून जास्त नाणी. सुरुवातीची कित्येक वर्षं १९८२ च्या आधीची, तेव्हा त्या ढिगात तांबं भरपूर असणार. पण गृहस्थांनी ना साल पाहिलं ना काटा लावला. रस्त्यात, दुकानात पेनी दिसली की देवाचे आभार मानून उचलायची, ही त्यांची सवय होती. तांब्याचा भाव त्यांच्या लेखी नव्हताच. नफ्याच्या चष्म्यातून पाहिलं तर त्यांनी काही हजार डॉलर सोडून दिले असं कुणी म्हणेल. पण जो माल कायद्यानं वितळवता येत नाही, त्याचा नफा सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं?

धातूची गोष्ट इथं संपते. नाणेसंग्राहकांची गोष्ट निराळी आहे, आणि लोक या दोन्हींची सतत सरमिसळ करतात.

संग्राहकाला तांब्याचं वजन नको असतं, त्याला दुर्मीळ नाणं हवं असतं. १९०९ मध्ये लिंकनची पेनी निघाली तेव्हा शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी मागच्या बाजूला आपली आद्याक्षरं ठळक कोरली. त्यावर ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढली गेली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून आद्याक्षरांची ४,८४,००० नाणीच बाहेर पडली होती. आज त्यांतली झिजलेलीही शेकडो डॉलरला जाते. १९५५ मध्ये फिलाडेल्फियात साचा दोनदा दाबला गेला, पण किंचित सरकून. त्यामुळे तारीख आणि अक्षरं डोळ्याला दुहेरी दिसतात, चष्म्याचा नंबर वाढल्यासारखी. अशी वीसेक हजार नाणी सुटली आणि त्यांतली पुष्कळशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांना मिळाली. तेव्हा पाकीट तेवीस सेंटला होतं, यंत्रात नाणं मात्र पंचवीसचंच टाकावं लागे, म्हणून सुटे दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक कागदातच घालून देत. ज्यांनी धूर सोडता सोडता नाण्याकडे नीट पाहिलं, त्यांना घबाड मिळालं.

पण सर्वांत गाजलेली पेनी १९४३ ची. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षी अमेरिकेनं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेनी पाडल्या. यंत्रांत मागच्या वर्षीच्या काशाच्या मोजक्या चकत्या अडकून राहिल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा छाप बसला. हेन्री फोर्ड अशा पेनीच्या बदल्यात नवी मोटार देणार, अशी वावडी उठली. १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत ती सापडली. मोटारीची गोष्ट खोटी निघाली, सरकारनंही असं नाणं पाडलंच नाही असं कळवलं. मुलानं तरी ते जपून ठेवलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये लिलावात त्याला दोन लाख चार हजार डॉलर आले. अशी नाणी वीसच्या आसपासच ज्ञात आहेत. बनावट मात्र ढिगानं, कारण पोलादी पेनीवर तांब्याचा थर चढवणं सोपं. इथं मात्र लोहचुंबक लगेच कामाला येतो. चिकटली की खोटी.

त्याच १९४३ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही तांब्याची काटकसर चालली होती. ब्रिटिश सरकारनं मधोमध मोठं भोक असलेला पैसा काढला, तोच आपल्याकडचा भोकाचा पैसा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तो अजून देवघराच्या डब्यात किंवा जुन्या बटव्यात सापडतो. त्यातलं तांबं विकायला कुणी निघालं तर चहाचेही पैसे सुटणार नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये आलेला नवा पैसा काशाचा होता, पुढे निकेल-पितळेचा आणि १९६५ पासून ॲल्युमिनियमचा झाला. पेनीला जे १९८२ मध्ये सोसावं लागलं, ते आपल्या पैशानं सतरा वर्षं आधीच सोसलं होतं.

नाण्यातला धातू नाण्याहून महाग झाला की काय होतं, हेही भारतानं पाहिलं आहे. २००७ च्या सुमारास इथली नाणी चोरून बांगलादेशात नेली जातात आणि तिथं त्यांची दाढीची पाती बनतात, अशा बातम्या कोलकात्याहून येत होत्या. एका रुपयाच्या नाण्यातून निघणारी पाती रुपयाहून कितीतरी जास्त किमतीला जात. आपल्या २०११ च्या नाणे कायद्यातही नाणं वितळवायला मनाई आहेच. मात्र अमेरिकेहून आपल्याकडे एक मोठा फरक आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून आपल्याकडे चलनातून बाद झाली, पेनी मात्र आजही कायदेशीर चलन आहे. त्यामुळे ‘जुनं नाणं कधी ना कधी चालेल’ हा अमेरिकी साठेबाजाचा आधार मराठी घरातल्या डब्याला नाही. आहे तो फक्त संग्राहकाचा. आणि तिथं भामट्यांची गर्दी इतकी, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणारा आणि त्याआधी ‘नोंदणी फी’ मागणारा माणूस नाणं विकत घ्यायला आलेला नसतो.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पडली. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता आणि त्या वर्षी सरकारला या नाण्यापायी साडेआठ कोटी डॉलरची खोट आली होती. टांकणी थांबल्यावर वितळवण्याची बंदी मात्र आपोआप उठली नाही. दुकानांना पेनीची चणचण जाणवू लागली. ईशान्य अमेरिकेतल्या एका किराणा दुकानांच्या साखळीनं तर त्याच महिन्यात एक दिवस जाहीर केला. पेनी आणा आणि दुप्पट किमतीचं भेटकार्ड घेऊन जा, शंभर डॉलरपर्यंत. म्हणजे पेनीला दोन सेंट, मग ती तांब्याची असो वा जस्ताची. साल वाचायची गरज नाही, तोलायची नाही, कायद्याची भीती नाही. वर्षानुवर्षं तांबं वेचणाऱ्यांना जो भाव लिलावाच्या वेबसाइटवर टपालखर्च सोसून मिळे, त्याच्या तोडीचा भाव त्या दिवशी कुणालाही बरणी उलटी करून मिळाला.

अमेरिकेत ज्याच्या घरी अशी बरणी असेल त्यानं ती एकदा टेबलावर ओतावी. १९५८ पर्यंतच्या, मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या पेनी वेगळ्या काढाव्यात. बहुतेकींना संग्राहक काही सेंटच जास्त देतात, पण त्यांत १९०९, १९१४, १९३१ किंवा १९५५ साल दिसलं तर भिंग घेऊन बसावं. एकही पेनी घासून चकचकीत करू नये, चिंच-लिंबानं तर नाहीच. पुसलेल्या नाण्याची किंमत संग्राहक निम्म्याहूनही खाली आणतो. १९८२ ची तोलून पाहावी. त्या वर्षी डेन्व्हरमध्ये लहान आकड्यांच्या तारखेची तांब्याची पेनी पडलीच नाही असं चौतीस वर्षं मानलं जात होतं, आणि २०१६ मध्ये ती निघाली. उरलेलं तांबं बरणीत परत टाकलं तरी काही बिघडत नाही, ते काही खायला मागत नाही. पण त्यासाठी बँकेतून आणखी खोकी आणून रात्री जागवायच्या की नाही, हे ज्याला नाणी हाताळण्यात मजा येते त्यानं ठरवावं. नफ्यासाठी बसणाऱ्यानं आधी तासाचे किती पडतात ते मोजावं.